सांगितलेलें नाहीं

इंग्रजी भाषेशीं आपल्या पांढरपेशा घराण्यांचा जो संबंध जडला, तो प्रथमपासून परीक्षेच्या द्वारेंच जडला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. आमच्या घरापुरतें बोलावयाचें तर ह्या संबंधास आतां तीन पिढ्या झाल्या. माझे वडील निजामाच्या अमदानींत शिकले. त्या काळीं बीड जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता आणि आमच्या अंबाजोगाईस सरकारी दप्तरांत मोमिनाबाद म्हणत. इ. स. १९१८ मध्यें हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. तेथें इतिहास, गणित, पदार्थविज्ञान हे विषय उर्दूंतून शिकवीत आणि इंग्रजी हा एक आवश्यक विषय असे. घरांत मराठी, देवघरांत संस्कृत, शाळेंत उर्दू आणि परीक्षेस इंग्रजी, असा चार भाषांचा संसार त्या पिढीनें केला. वडील इंग्रजी शिकले तें माजघरांत कंदिलाच्या उजेडांत, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तिन्ही भाग पुढें मांडून. तीं पुस्तकें आमच्या फडताळांत अद्यापि आहेत. पुठ्ठे गेले, पानें पिवळीं पडलीं. परंतु समासांतील वडिलांचें बारीक अक्षर अजून लागतें.

पुढें मीं त्याच भाषेवर पोट भरलें. चौतीस वर्षें इंग्रजी व संस्कृत हे दोन विषय शिकवून सेवानिवृत्त झालों. माझा मुलगा ज्या एका इंग्रजी परीक्षेच्या बळावर अमेरिकेस गेला, तिच्या शब्दांच्या याद्या त्यानें आमच्या पडवींतील झोपाळ्यावर बसून पाठ केल्या होत्या. आतां तो तिकडेच असतो, आणि झोपाळा रिकामा असतो. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असाच एक रिकामा झोपाळा असेल, म्हणून ह्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. सांगावयाची आहे ती हकीकत एका परक्या मुलीची आहे, आणि थोडीशी माझ्या फजितीचीहि आहे.

सन २०२३ च्या श्रावणांत आमच्या गल्लीजवळच्या वाचनालयांत काम करणाऱ्या बाईंनीं एका मुलीस मजकडे पाठविलें. वय बाविसाच्या आंतबाहेर, अंगानें किरकोळ, पण नजर स्थिर. धारूरच्या बाजूस बालाघाटाच्या डोंगरांत तिचें गांव. आईबाप ऊसतोडीस जाणारे. जे वाचक बीड जिल्ह्याबाहेरचे असतील त्यांच्याकरितां येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमच्याकडील हजारों कुटुंबें दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतात आणि पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. तीं पाडव्याच्या आगेंमागें परततात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. आधीं घेतलेली उचल अंगमेहनतीनें फेडावयाची, असा हा व्यवहार असतो. ही मुलगी आजीपाशीं राहून शिकली, वसतिगृहांतून वाढली, आणि परभणीस कृषिविषयांत बी. एस्सी. झाली. आतां तिला माती व पाणी ह्यांच्या शास्त्रांत पुढची पदवी घ्यावयाची होती, आणि तीहि हॉलंडांतील एका विद्यापीठांत. ज्या देशानें समुद्र मागें सारून शेतें केलीं, त्या देशांत जाऊन मातीचें शास्त्र शिकावें, हा तिचा विचार मला फार आवडला.

अडचण इंग्रजीची होती. ब्रिटिश कौन्सिल, केंब्रिज आणि आय. डी. पी. ह्या तीन संस्था मिळून १९८९ पासून 'आयेल्ट्स' ह्या नांवाची परीक्षा घेतात; ऐकणें, वाचणें, लिहिणें आणि बोलणें असे तिचे चार भाग, आणि प्रत्येकास शून्यापासून नवापर्यंत गुण. विद्यापीठास सरासरी साडेसहा पाहिजे होते. मुलगी एकदां बसली होती, तींत तिला सरासरी सहा व वाचनांत साडेपांचच मिळाले. परीक्षेचें शुल्कहि थोडें नव्हतें. प्रवेशपत्र हातीं आल्याशिवाय सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज पुढें सरकत नाहीं, आणि शिष्यवृत्तीवांचून जाणें तर स्वप्नांतहि शक्य नव्हतें. म्हणजे एका अर्ध्या गुणावर सारें अडलें होतें.

"तयारी कशी केली होतीस?" मीं विचारलें.

एका मोठ्या शहरांतील शिकवणीवर्गांत तिनें तीन महिने काढले होते. तेथें तीन हजार शब्दांची यादी पाठ करून घेतली होती. मीं मधूनच दहा-बारा शब्द विचारले. तिनें सर्वांचे अर्थ अचूक सांगितले. मग मीं कागदावर एक साधें वाक्य लिहून दिलें. "द सॉइल वॉश्ड अवे बाय द रेन्स वॉज द ब्लॅकेस्ट इन द व्हिलेज." तिनें तें दोनदां वाचलें, कपाळास आठी घातली, आणि म्हणाली, "सर, शब्द सगळे येतेत. वाक्य कळंना."

ह्या दोन वाक्यांत तिनें आपल्या रोगाचें जें निदान केलें, तें मलाहि करतां आलें नसतें. 'वॉश्ड' हा शब्द दिसतांच तिनें तो क्रियापद समजला. मातीनें कांहींतरी धुतलें, असा अर्थ मनांत धरला. आणि पुढें 'वॉज' आल्यावर सगळें वाक्य कोसळलें. वास्तविक मुख्य क्रियापद 'वॉज' हेंच. पावसानें वाहून नेलेली माती गांवांत सर्वांत काळी होती, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या मराठींत 'नेली' आणि 'नेलेली' हीं दोन रूपें वेगळीं असतात, त्यामुळें क्रियापद कोणतें व विशेषण कोणतें ह्याची भ्रांति पडत नाहीं. इंग्रजींत पुष्कळदां दोहोंचें काम एकच रूप करतें. दुसरें असें कीं, आपण विशेषण नामाच्या आधीं ठेवतों. 'विहिरीजवळ राहणारा मनुष्य' असें म्हणतांना मनुष्य शेवटीं येतो. इंग्रज मनुष्यास आधीं उभा करतो आणि त्याची विहीर, घरदार, सोयरीक हें सारें मागाहून जोडीत जातो. ह्यामुळें कर्ता एकीकडे व क्रियापद दोन ओळी पलीकडे, अशी स्थिति होते, आणि वाचणारा मधल्या मंडळींतच हरवतो.

ही अडचण केवळ आपली नव्हे. माझा एक जुना विद्यार्थी कांहीं वर्षें शांघायला नोकरीस होता. त्यानें एकदां सांगितलें कीं, चीनमध्यें पदवीनंतरच्या शिक्षणाकरितां दरवर्षीं डिसेंबरांत एक राष्ट्रीय परीक्षा होते, तींत परकी भाषेची शंभर गुणांची प्रश्नपत्रिका असते, आणि बहुतेक मुलें ती इंग्रजीचीच देतात. सन २०२३ च्या प्रवेशाकरितां ह्या परीक्षेस सत्तेचाळीस लक्ष चाळीस हजार अर्ज आले होते. त्या मुलांची रडकथाहि हीच. चिनी भाषेंत विशेषणवाक्य नामाच्या आधीं येतें आणि क्रियापद काळाप्रमाणें बदलत नाहीं. म्हणून इंग्रजींतील लांब वाक्य त्यांस डोंगरासारखें वाटतें. 'लांब व अवघड वाक्य' असें त्या प्रकरणास तिकडे नांवच पडलें आहे आणि तें स्वतंत्र विषयासारखें शिकवितात. तेथेंहि शब्दांच्या जाडजूड पुस्तकांचीं पारायणें होतातच. शांघायचा मुलगा आणि धारूरची मुलगी एकाच चिखलांत रुतावीं, ही गोष्ट मला मोठी नवलाची वाटली.

गौरीगणपतीनंतर आमचा अभ्यास सुरू झाला. रोज संध्याकाळीं पांच ते सात. मीं तिला आमच्या घरची जुनी विद्या दिली. आजोबा आम्हांस काव्य शिकवीत तेव्हां श्लोकाचा अर्थ कधींहि आधीं सांगत नसत. "क्रियापद शोध," म्हणत. तें सांपडलें कीं प्रश्न: कोणी? काय? कोणास? कशानें? केव्हां? एकेका प्रश्नास श्लोकांतील एकेक शब्द उत्तर देऊं लागे, आणि सगळा श्लोक आपोआप उलगडे. ह्यासच खंडान्वय म्हणतात. इंग्रजी वाक्यावर मीं हाच प्रयोग करविला. प्रथम मुख्य क्रियापदाखालीं दोन रेघा, मग कर्त्याखालीं एक, आणि उरलेल्या प्रत्येक तुकड्यास, 'तूं कोणाचा?' हा प्रश्न.

तीन-चार दिवस ती मुकाट्यानें रेघा ओढीत होती. पांचव्या दिवशीं एक सहा ओळींचें वाक्य तिनें माझ्या मदतीवांचून सोडविलें आणि हंसून म्हणाली, "सर, हे तर ऊस तोडल्यासारखं आहे. बुडाशी कोयता घातला की धांडा हाती येतो. मग पाचट सोलायचं, वाढं छाटायचं, अन् मोळी बांधायची."

चौतीस वर्षांत अन्वयाची इतकी स्पष्ट उपमा मला सुचली नव्हती. पुढें तिनेंच ती सुधारलीहि. एका उताऱ्यावरील चार प्रश्नांपैकीं तीन चुकले, तेव्हां ती बराच वेळ कागदाकडे पाहात बसली आणि म्हणाली, "पाचट टाकलं ते ठीक. पण वाढं टाकायचं नसतं, सर. वाढ्यावर बैल जगतेत. प्रश्न वाढ्यातच आहेत." पाहतों तों खरेंच. 'ओन्ली', 'मोस्ट', 'हार्डली', 'ऑलदो' अशा लहान लहान शब्दांना ती निरुपयोगी समजून सोडून देत होती, आणि परीक्षकांनीं नेमके तेच धरले होते. 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहींतच, आणि 'अ फ्यू' म्हणजे थोडे कां होईनात, पण आहेत. एका अक्षरानें नाहींचें आहे होतें. त्या दिवसापासून ती अशा शब्दांभोंवतीं लाल पेन्सिलीनें वर्तुळ काढूं लागली.

शब्दांची यादी मीं बंद करविली नाहीं, पण तिची रीति बदलली. संस्कृतांत एका धातूस उपसर्ग लागून शब्दांचें कुटुंब कसें वाढतें, हें आपल्या घरांतील मुलांस नकळत ठाऊक असतें. ईक्ष् म्हणजे पाहणें. त्यापासून निरीक्षण, परीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, समीक्षा. लॅटिनमध्येंहि पाहण्याचा एक धातु आहे आणि त्यापासून इंग्रजींत इन्स्पेक्ट, एक्स्पेक्ट, रिस्पेक्ट, प्रॉस्पेक्ट हे शब्द आले. इन्स्पेक्ट म्हणजे निरीक्षण आणि एक्स्पेक्ट म्हणजे अपेक्षा, असे दोन भाषांतील सोयरे समोरासमोर बसविले, तेव्हां तिला मोठी मौज वाटली. एकटा शब्द पाठ केला तर आठवड्यानें विसरतो. कुटुंबांतला शब्द सहसा विसरत नाहीं. आणि तोहि वाचलेल्या उताऱ्यांतूनच उचलावयाचा, यादींतून नव्हे, असा नियम केला.

परंतु तिची खरी हार होत होती ती एका निराळ्याच ठिकाणीं. वाचनाच्या भागांत साठ मिनिटांत तीन उतारे व चाळीस प्रश्न असतात. त्यांत एक प्रकार असा कीं, एक विधान द्यावयाचें आणि उताऱ्यावरून तें खरें, खोटें, कीं सांगितलेलेंच नाहीं, हें ठरवावयाचें. ह्या तिसऱ्या उत्तरास इंग्रजींत 'नॉट गिव्हन' म्हणतात. पहिलीं दोन उत्तरें कोणासहि येतात. तिसरें देण्यास मात्र फार मोठा संयम लागतो. एका उताऱ्यांत पाटाच्या पाण्याविषयीं माहिती होती. कालव्याच्या कांठीं जमिनींतील पाण्याची पातळी वर येते, एवढेंच त्यांत लिहिलें होतें. विधान होतें कीं, कालव्यामुळें जमीन खारवते. तिनें 'खरें' लिहिलें. मीं विचारलें, "कोठें आहे?" ती म्हणाली, "सर, पण ते खरंच आहे. आम्ही शिकलोय ना." जगांत तें खरें असेल, पण त्या पानावर नव्हतें. तिला विषयाचें ज्ञान होतें, म्हणूनच ती चुकत होती. मीं तिला बजावलें, "लेखकानें जेवढें म्हटलें तेवढेंच त्याचें. बाकीचें तुझें आहे. तुझें त्याच्या पदरीं घालूं नकोस."

हें वाक्य मीं मोठ्या रुबाबांत उच्चारलें होतें. पुढें काय घडलें तें आतां सांगतों.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशीं तिचे वडील भेटीस आले. संध्याकाळीं गांवांतून ट्रक निघावयाचा होता. पडवींत बसा म्हटलें तर पायरीवरच बसले, आमच्या सौ.नें आग्रह केला तेव्हां सतरंजीच्या कडेला सरकले. त्यांनीं पिशवींतून फडक्यांत गुंडाळलेल्या नोटा काढून माझ्यापुढें ठेवल्या.

"फीचे हायेत, गुरुजी. उचलीतून काढलेत. मोजून घ्या." मग मुलीकडे न पाहतां म्हणाले, "यंदा शेवटचं बघा. फुडल्या सालापासून न्हाई."

तें ऐकतांच माझें डोकें फिरलें. आमच्या जिल्ह्यांत ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत मुलींचीं लग्नें किती लवकर उरकतात, ह्याविषयीं मीं पुष्कळ वाचलें होतें आणि सभांतून बोललोंहि होतों. मीं त्यांना पाव तास धारेवर धरलें. मुलीचें शिक्षण म्हणजे काय, तिच्यासारखी बुद्धि किती घरीं जन्मास येते, तिला उजवून टाकण्याची एवढी घाई कां, एका परीक्षेवर तिचें नशीब कां टांगतां, असें बरेंच कांहीं बोललों. ते गृहस्थ मान खालीं घालून ऐकत होते. शेवटीं "बरोबर हाय, गुरुजी," एवढेंच म्हणाले, कपभर चहा घेतला, आणि ट्रक गांठावयाचा म्हणून निघून गेले.

मुलगी तोंवर गप्प होती. ते कोपऱ्यावरून वळल्यावर तिनें वही मिटली आणि विचारलें, "सर, बाबा माझ्या लग्नाचं काही बोलले का?"

"म्हणजे काय? शेवटचें म्हणाले ना?"

"शेवटचं म्हणाले. काय शेवटचं, ते म्हणाले नाहींत." आणि मग अगदीं हलक्या आवाजांत, डोळे वहीवर ठेवून, म्हणाली, "नॉट गिव्हन, सर."

मग तिनें सांगितलें. दोन हंगामांपूर्वीं मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढतांना त्यांचा पाय घसरला होता. तेव्हांपासून कंबर धरते. डॉक्टरांनीं ओझें उचलण्यास मनाई केली आहे. हा हंगाम त्यांचा शेवटचा. पुढील वर्षीं उचल नाहीं, म्हणून पुढील वर्षीं फीहि नाहीं. एवढेंच त्यांना सांगावयाचें होतें. राहिलें लग्न, तर दोन स्थळें त्यांनीं स्वतःच परत पाठविलीं होतीं, आणि भावकीचा रोष पत्करला होता.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. पाठ दुखत असतां शेवटची तोड करावयास निघालेल्या मनुष्यास मीं त्याच्याच मुलीविषयीं उपदेश केला होता; आणि तो त्यानें ऐकून घेतला, कारण मी गुरुजी होतों. दुसऱ्या दिवशीं फोन लावून पाहिला, तो लागला नाहीं. मग एकामागून एक जुन्या गोष्टी आठवूं लागल्या. दिवाळीनंतर वर्गांत डुलक्या घेणारा शेवटच्या बांकावरचा एक मुलगा आठवला. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मीं 'आळशी' असा शेरा लिहिला होता. त्याचे आईबाप फडावर होते आणि दोन धाकट्या भावंडांची भाकरी तो थापीत होता, हें मला वर्ष संपल्यावर कळलें. तेव्हांहि पानावर नसलेला मजकूर मींच भरला होता. अन्वय शिकविणाऱ्या मनुष्यानें माणसें अशीं वाचावींत, ह्याची लाज वाटली. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पोथी होती, म्हणून आपणांस सर्व कांहीं वाचतां येतें, असा एक भ्रम आपल्या रक्तांत मुरलेला असतो. माझ्यापुरता तरी तो त्या रात्रीं गेला.

दुसऱ्या दिवशीं मुलगी नेहमीप्रमाणें पांच वाजतां आली. मीं झाल्या गोष्टीविषयीं दिलगिरी व्यक्त केली. ती म्हणाली, "बाबांना वाईट नाहीं वाटलं, सर. तुम्ही माझ्या बाजूनं बोललात." मग आम्ही उतारा काढला. दिवाळी, संक्रांत, सारे दिवस आम्ही घड्याळ लावून वाचीत होतों. आधीं उतारा भराभर चाळून प्रत्येक परिच्छेदापुढें दोन शब्दांत त्याचा विषय लिहावयाचा. मग प्रश्न वाचावयाचे. मग उत्तर जेथें असेल तें वाक्य अन्वयानें सोडवावयाचें. आणि उत्तरापुढें उताऱ्यांतील ओळीचा क्रमांक टाकावयाचा. ओळ दाखवितां आली नाहीं तर उत्तर रद्द. ह्या एका नियमानें तिच्या निम्म्या चुका गेल्या. आपल्या घरीं कोणी मूल अशा परीक्षेची तयारी करीत असेल, तर त्याच्या शब्दांच्या यादीपेक्षां ह्या ओळीच्या क्रमांकाकडे लक्ष द्यावें, एवढें अनुभवानें सांगतों.

जानेवारीच्या अखेरीस पुण्यास परीक्षा झाली. वाचनांत सात, ऐकण्यांत साडेसहा, लिहिण्यांत व बोलण्यांत सहा-सहा, सरासरी साडेसहा. अगदीं कांठावर, पण पार. महिनाभरानें विद्यापीठाचें पत्रहि आलें.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं तिचे वडील परत आले ते थेट आमच्याकडे. ह्या खेपेस मी आधीं पायरीवर जाऊन बसलों, म्हणून त्यांनाहि शेजारीं बसावें लागलें. मीं हात जोडून म्हटलें, "दसऱ्याला मीं तुम्हांला नाहीं नाहीं तें बोललों. तुमचें म्हणणें मीं ऐकूनच घेतलें नाहीं." ते गोंधळले, इकडेतिकडे पाहूं लागले, आणि म्हणाले, "आवो, ते कवाच इसरलो." विसरले होते कीं नव्हते, हें त्यांचें त्यांना ठाऊक. मीं पुढें ताणलें नाहीं.

आषाढांत शिष्यवृत्तीचें काम झालें, आणि २०२४ च्या श्रावणाच्या अखेरीस ती निघाली. मुंबईस जाणारी रात्रीची गाडी होती. आई सोबत मुंबईपर्यंत जाणार होती. सौ.नें दशम्यांचा डबा दिला. मीं तर्खडकरांचा पहिला भाग दिला. त्याचा तिला उपयोग कांहींच नाहीं, पण समासांतील तें अक्षर बरोबर असावें असें वाटलें. वडिलांनीं पेटी गाडींत ठेवूं पाहिली, तेव्हां तिनें ती त्यांच्या हातांतून काढून घेतली आणि स्वतःच चढविली.

गाडी गेली. ते तसेच कांहीं वेळ रस्त्याकडे पाहात उभे राहिले. मीहि उभा होतों. त्यांच्या मनांत काय चाललें होतें, तें ते बोलले नाहींत, आणि मींहि विचारलें नाहीं. मग आम्ही दोघे चालत आमच्या घरीं आलों. सौ.नें चहा टाकला. पडवींत येतांच ते पायरीकडे वळले, थबकले, आणि झोपाळ्यावर जाऊन बसले.